आत्याबाईच्या मिशा आणि इंग्रजीतलं जर-तर

प्रश्न नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याच्या एका आईचा आहे. मुलगी नववीत, सेमी-इंग्रजीला. 'इफ'च्या वाक्यांचे शून्य ते तीन असे चारही प्रकार सूत्रांसकट पाठ आहेत, गाळलेल्या जागा बरोबर भरते. पण बोलायला लागली की 'इफ आय विल गो' सुरू होतं आणि 'वुड हॅव' नको तिथे डोकं काढतं. रोज संध्याकाळी वीसेक मिनिटं हाताशी आहेत, आणि ऑफिसच्या मेलसाठी आईलाही हे पक्कं हवं आहे. हे खेळत शिकता येईल का, असं त्यांनी विचारलंय.

येईल. मात्र खेळाकडे वळण्याआधी चूक येते कुठून ते बघू या. सूत्र पाठ असूनही मूल चुकतं, कारण बोलताना ते आधी मराठीत जर-तर जुळवतं, आणि मराठीचं जर-तर इंग्रजीच्या मापाचं शिवलेलं नाही.

(खालची इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, ती मोठ्याने म्हणण्यासाठी. कार्डांवर मुलीने ती रोमन लिपीत लिहावीत. स्पेलिंगचा सराव आपोआप होतो.)

एक छोटी चाचणी घ्या. 'आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं' ही म्हण तिला इंग्रजीत करायला सांगा. बहुतेक उत्तर असं येईल: 'इफ आंट हॅड अ मुस्टॅश, वुई वुड हॅव कॉल्ड हर अंकल.' ऐकायला भारदस्त वाटतं, पण दोन अर्धुकं दोन वेगळ्या काळांतली आहेत. आत्याबाईला मिशा आजही नाहीत, त्यामुळे हाकही आजचीच. हवं ते 'वुई वुड कॉल हर अंकल'. मग 'हॅव कॉल्ड' कुठून आलं? 'म्हटलं असतं' यातून.

सगळी गोम या 'असतं'मध्ये आहे. 'छत्री असती तर भिजले नसते' हे वाक्य मुलगी आत्ता स्टेशनबाहेर चिंब उभी राहून म्हणू शकते, आणि गेल्या मंगळवारची आठवण काढूनही म्हणू शकते. मराठीला दोन्हीकडे तोच 'असती' चालतो. कधीची गोष्ट ते ऐकणारा संदर्भावरून ओळखतो. इंग्रजीला ते चालत नाही. आत्ताचं असेल तर 'इफ आय हॅड ॲन अम्ब्रेला, आय वुडन्ट बी वेट'. मंगळवारचं असेल तर 'इफ आय हॅड हॅड ॲन अम्ब्रेला, आय वुडन्ट हॅव गॉट वेट'. दोनदा 'हॅड' आलं की मुलांना छपाईची चूक वाटते. पहिला 'हॅड' काळ मागे नेणारा, दुसरा 'जवळ असणे'वाला, असं एकदा बोट ठेवून दाखवलं की भीती जाते.

यावर उपाय साधा आहे. इंग्रजी करण्याआधी मराठी वाक्यात 'आत्ता' किंवा 'तेव्हा' हा शब्द घुसवायचा. 'आत्याबाईला आत्ता मिशा असत्या तर': बसतो. 'तेव्हा छत्री असती तर': बसतो. 'आत्ता' बसला की 'वुड' आणि साधं क्रियापद. 'तेव्हा' बसला की 'वुड हॅव' आणि तिसरं रूप. प्रकार दोन की तीन हे आठवायची गरजच उरत नाही. पहिले पंधरा दिवस तरी घरात 'सेकंड कंडिशनल', 'थर्ड कंडिशनल' हे शब्द काढू नका. 'आत्ता'वालं आणि 'तेव्हा'वालं, एवढंच म्हणा.

मराठीची दुसरी खोड याच्या उलट. 'पाऊस पडला तर सहल रद्द.' पाऊस अजून पडायचाय, सहल उद्याची आहे, तरी आपण 'पडला' हे भूतकाळी रूप वापरतो. इंग्रजी अशा खुल्या शक्यतेला वर्तमानकाळ लावतं: 'इफ इट रेन्स टुमॉरो, द पिकनिक विल बी कॅन्सल्ड.' भूतकाळ तिथे राखून ठेवलाय तो खोट्या-खोट्या गोष्टींसाठी. म्हणजे आपण जिथे 'पडला' म्हणतो तिथे ते 'पडतो' म्हणतात, आणि ते जिथे 'पडला' म्हणतात तिथे आपण 'पडला असता'. 'इफ आय विल'चा उगम वेगळा आहे. गोष्ट उद्याची म्हणून 'विल' हवंच, हा मुलांचा तर्क, आणि त्याला आपल्या भागातल्या 'बारिश होगी तो'ची साथ.

तिसरी खोड बारीक आहे, पण लिखाणात लगेच दिसते. मराठीत 'जर' सहज गळतो, 'तर' राहतो: 'आलास तर बघू.' इंग्रजीत बरोबर उलटं, 'इफ' राहतो आणि 'देन' गळतो. 'इफ यू कम, देन वुई विल सी' हे व्याकरणदृष्ट्या चूक नाही, पण प्रत्येक वाक्यात 'देन' आला की भाषांतराचा वास येतो. शिवाय इंग्रजी 'इफ'ला वाक्याच्या मागच्या बाकावर बसायला आवडतं: 'आय विल कॉल यू इफ आय गेट अ सीट.' 'इफ' पुढे असेल तर मध्ये स्वल्पविराम, मागे असेल तर नाही.

आता खेळ. साहित्य किरकोळ आहे: पांढऱ्या जाड कागदाचे चार ए-फोर ताव, चार रंगांची स्केचपेनं, एक नाणं, मोबाइलमधला टायमर. एका तावाची पाच ओळी आणि दोन रकाने अशी दहा कार्डं करा. एकूण चाळीस होतात, प्रत्येक रंगाची दहा. हिरवा म्हणजे 'नेहमी', निळा म्हणजे 'होऊ शकतं', केशरी म्हणजे 'आत्ता तसं नाही', लाल म्हणजे 'तेव्हा तसं झालं नाही'.

सुरुवात म्हणींपासून करा. मराठी म्हणींमध्ये जर-तरचा खजिना आहे, मुलीला त्या पाठ आहेत, आणि त्यांचं इंग्रजी ऐकायला मुळातच गमतीदार लागतं, त्यामुळे हसू आणण्यासाठी वेगळी खटपट करावी लागत नाही. या आठ घ्या: असतील शिते तर जमतील भुते, गाजराची पुंगी, वाजली तर वाजली नाही तर मोडून खाल्ली, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, खाईन तर तुपाशी नाही तर उपाशी, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, पी हळद नि हो गोरी, आणि आत्याबाई.

एका संध्याकाळी तीनच. आधी दोन मिनिटांत रंग ठरवायचा, का ते मराठीत सांगायचं, मग तोंडी इंग्रजी, शेवटी कार्डावर लेखन. समानार्थी इंग्रजी म्हण शोधायला जाऊ नका. इथे भुतंच हवीत आणि पुंगीही गाजराचीच हवी.

'असतील शिते'मध्ये मराठीने दोन्हीकडे भविष्यकाळ वापरलाय, म्हणून मूल 'इफ देअर विल बी राइस' म्हणणार. पण म्हण नियम सांगते, आज-उद्याची बातमी देत नाही. हिरवं कार्ड: 'इफ देअर इज राइस, घोस्ट्स गॅदर.' दोन्हीकडे वर्तमानकाळ. गाजराच्या पुंगीत मुख्य क्रियापदं भूतकाळी आहेत, वाजली, खाल्ली, आणि घडलेलं एकही नाही. 'इफ द कॅरट पाइप प्लेज, फाइन. इफ इट डझन्ट, वुई विल ईट इट.' हे निळं. 'पडला'वाली दुसरी खोड समजवायला या म्हणीइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. आडाची म्हण प्रश्नार्थक आहे, तेवढ्यासाठी मौल्यवान: 'इफ इट इजन्ट इन द वेल, हाऊ विल इट कम इन्टु द बकेट?' प्रश्न आला की 'विल' कर्त्याच्या आधी जातो, हे सूत्रं पाठ करताना नेहमी राहून जातं. 'खाईन तर तुपाशी'ने 'अदरवाइज' शिकवा: 'इफ आय ईट, आय विल ईट विथ घी, अदरवाइज आय विल स्टार्व्ह.' हळदीच्या म्हणीत 'जर' नाहीच, आज्ञा आणि 'नि' आहे. इंग्रजीतही तसंच चालतं, 'ड्रिंक टर्मरिक अँड टर्न फेअर.' दोन्हीकडची खोच तीच.

राहिल्या 'शिवाय'वाल्या दोन. त्या वेगळ्या काढून ठेवा, कारण 'अनलेस'चा सगळा गोंधळ त्या मिटवतात. मुलं लिहितात 'अनलेस यू डोन्ट स्टडी, यू वोन्ट पास'. दोन नकार येतात ते 'जोपर्यंत अभ्यास करत नाहीस तोपर्यंत' या मराठीतून. तिथे दोन्ही अर्ध्यांत 'नाही' असतं. 'शिवाय'च्या रचनेत मात्र 'नाही' एकदाच, शेवटी येतं. 'मेल्याशिवाय जात नाही' आणि 'डझन्ट गो अनलेस ही डाइज' यांची घडी तंतोतंत एक आहे. म्हणून 'अनलेस' दिसला की मनात 'ल्याशिवाय' म्हणा, 'जोपर्यंत नाही' म्हणू नका. 'अ स्टोन डझन्ट बिकम अ गॉड अनलेस इट टेक्स द चिझल.' परीक्षेत 'अनलेस वापरून वाक्य पुन्हा लिहा' असा प्रश्न आला की हाच पूल वापरायचा: 'इफ यू डोन्ट हरी, यू विल मिस द ट्रेन', घाई केल्याशिवाय मिळणार नाही, म्हणून 'अनलेस यू हरी, यू विल मिस द ट्रेन'. आणि 'शिवाय' जिथे बसतच नाही, तिथे 'अनलेस'ही बसत नाही. 'तो आला नाही तर मला आनंद होईल' हे 'शिवाय'ने म्हणून बघा, अर्थच फिरतो. तिथे मुकाट्याने 'इफ ही डझन्ट कम'.

दुसरा खेळ अंताक्षरीचा. किमान दोघं, चौघं असतील तर उत्तम. पहिल्याने एक वाक्य म्हणायचं, त्याचा शेवटचा अर्धा भाग पुढच्याने 'इफ' लावून उचलायचा. दहा सेकंदांत जमलं नाही तर एक गुण गेला. सहा कड्या झाल्या की एक फेरी पूर्ण.

'इफ आय मिस द एट टेन ट्रेन, आय विल रीच लेट.' 'इफ आय रीच लेट, द टीचर विल क्लोज द डोअर.' 'इफ द टीचर क्लोजेस द डोअर, आय विल सिट इन द कॅन्टीन.' 'इफ आय सिट इन द कॅन्टीन, आय विल ईट थ्री वडापावज.' आणि असंच पोटदुखीपर्यंत.

खेळाचा गाभा त्या सांध्यात आहे. 'विल क्लोज' उचलताना 'विल' खाली टाकावाच लागतो आणि 'क्लोज'चं 'क्लोजेस' करावं लागतं. हीच कसरत सहा कड्यांत पाच वेळा होते. दोनच चुका मोजा, 'इफ'च्या अर्ध्यात 'विल' आणि गळलेला 'एस'. बाकी आर्टिकल, उच्चार, सगळं सोडून द्या. 'इफ... विल' ऐकू आलं की बाकीच्यांनी टाळी वाजवायची, बोलणाऱ्याने स्वतः दुरुस्त करायचं. दुरुस्ती सांगायची नाही. टाळी पुरते. पाच-सहा संध्याकाळींत मूल टाळीच्या आधीच थबकायला लागतं, तेव्हा पुढे सरका.

पुढे म्हणजे तीच साखळी, तीच वाक्यं, फक्त एक पाऊल मागे. आधी 'उद्या' म्हणून खेळलात, आता 'समजा' म्हणून: 'इफ आय मिस्ड द ट्रेन, आय वुड रीच लेट. इफ आय रीच्ड लेट, द टीचर वुड क्लोज द डोअर.' तिसऱ्यांदा 'काल असं झालं असतं तर' म्हणून: 'इफ आय हॅड मिस्ड द ट्रेन, आय वुड हॅव रीच्ड लेट.' गोष्ट पाठ झालेली असते, त्यामुळे सगळं लक्ष क्रियापदावर राहतं. नवी गोष्ट आणि नवं रूप एकाच वेळी मागितलं की मूल गोष्ट जुळवण्यात अडकतं आणि रूप सोडून देतं. खेळ फसतो तो बहुतेक वेळा इथे.

तिसऱ्या फेरीआधी मात्र तिसरी रूपं तोंडात हवीत. 'वुड हॅव वेंट' ही चूक जर-तरची नाहीच, 'गॉन' आठवलं नाही एवढंच. ही वीस क्रियापदं पुरतात: कम, गो, टेक, मेक, कॅच, ईट, ड्रिंक, फर्गेट, लीव्ह, लूज, बाय, ब्रिंग, नो, सी, राइट, ब्रेक, गेट, गिव्ह, वेक, से. रोज चार, चपात्या लाटताना विचारा.

तिसरा खेळ कागदावरचा, ट्रान्स-हार्बर या लोकलच्या मार्गाचा. आणखी एका तावावर नऊ गोल काढा: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. तुर्भ्यापासून एक फाटा खाली काढा, जुईनगर आणि नेरूळ. ही गंमत रोजच्या प्रवाशाला सांगायला नको: वाशीची समजून पनवेलच्या गाडीत बसलं की तुर्भ्यानंतर लक्षात येतं. फासा घेऊ नका, नऊ स्टेशनांत दोन टाकांत खेळ संपतो. नाणं उडवा, छाप आला तर एक स्टेशन, काटा आला तर दोन. पोचलेल्या स्टेशनवर गठ्ठ्यातलं वरचं कार्ड उचलायचं. त्यावर अर्धंच वाक्य लिहिलेलं असतं, उरलेलं अर्धं वीस सेकंदांत पुरं करायचं. बरोबर आलं तर तिथेच मुक्काम, चुकलं तर एक स्टेशन मागे. तुर्भ्याला प्रत्येकाने थांबायलाच हवं, दोन आले तरी. तिथे दोन वाक्यं सक्तीची: 'इफ आय टेक द वाशी ट्रेन, आय विल रीच सानपाडा नेक्स्ट. इफ आय टेक द पनवेल ट्रेन, आय विल रीच जुईनगर.' यात चुकला तो जुईनगरला. परत यायचं भाडं म्हणजे एक हळहळ: 'इफ आय हॅड टेकन द वाशी ट्रेन, आय वुड हॅव रीच्ड सानपाडा.' ही म्हटल्याशिवाय सुटका नाही. लाल वाक्याला खरीखुरी हळहळ लागते, आणि समोरचा वाशीला पोचत असताना ती आपसूक येते.

कार्डांवर काय लिहायचं यावर खेळाचा दर्जा ठरतो. पुस्तकी 'इफ यू हीट आइस' सगळ्यांना पाठ असतं. हिरव्या कार्डांसाठी इथल्याच खऱ्या गोष्टी घ्या. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातून येतो, म्हणून 'इफ फ्लेमिंगोज डोन्ट ईट देअर यूज्वल फूड,' आणि पुढचं मुलीने: 'दे लूज देअर पिंक कलर.' भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की खाडीकाठच्या सखल भागातलं पाणी लवकर ओसरत नाही: 'इफ हेवी रेन मीट्स हाय टाइड, द वॉटर डझन्ट ड्रेन क्विकली.' निळ्यावर रोजचं: 'इफ द लिफ्ट स्टॉप्स अगेन', 'इफ आजी कम्स ऑन संडे', 'इफ इट रेन्स ड्यूरिंग दहीहंडी'. केशरीवर जितकं अचाट तितकं बरं. ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरावर बर्फ पडणं, ठाण्यातल्या मासुंदा तलावात देवमासा निघणं, कुत्र्याला इंग्रजी येणं. 'इफ इट स्नोड इन येऊर, पीपल फ्रॉम ठाणे वुड सेल हॉट भजी देअर.' केशरी वाक्य संभवनीय ठेवलं की मूल निळ्यात घसरतं. अशक्य ठेवलं की 'वुड' टिकतो. पुढे कधीतरी सांगा की तीच गोष्ट दोन्ही रंगांत म्हणता येते आणि बोलणाऱ्याला ती कितपत शक्य वाटते ते रंग सांगतो. 'इफ आय विन द लॉटरी' म्हणणाऱ्याच्या खिशात तिकीट आहे, 'इफ आय वन' म्हणणाऱ्याच्या बहुधा नाही.

केशरीत 'आय वॉज' की 'आय वेअर' हा वाद निघेल. बोलण्यात दोन्ही ऐकू येतात. परीक्षेत आणि औपचारिक लेखनात 'इफ आय वेअर' लिहा. 'इफ आय वेअर यू'मध्ये तर तेच रूढ आहे. शाळेतले 'मी मुख्याध्यापक झाले तर', 'पाऊस पडलाच नाही तर', 'शाळा नसती तर' हे कल्पनाप्रधान निबंध इथे आयते हाताशी आहेत. एका विषयावर एका मिनिटात पाच तोंडी वाक्यं, त्यातली किमान दोन 'आय'ने सुरू न होणारी. ही अट हवीच, नाहीतर 'आय वुड, आय वुड' अशी माळ लागते.

लाल कार्डांसाठी इतिहास घ्या. देशातली पहिली प्रवासी आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आली, साधारण 34 किलोमीटर. 'इफ द ट्रेन हॅड नॉट कम टु ठाणे इन 1853,' पुढचं? मुलं म्हणतील 'ठाणे वुड हॅव बीन स्मॉल'. हे तेव्हाबद्दल ठीक. पण त्यांना बोलायचं असतं आजच्या ठाण्याबद्दल: 'ठाणे वुड बी अ स्मॉलर टाउन टुडे.' अट 'तेव्हा'ची, परिणाम 'आत्ता'चा. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 ची: 'इफ सिडको हॅड नॉट बीन सेट अप इन 1970, वुई वुड प्रॉबब्ली नॉट लिव्ह हिअर नाऊ.' पुस्तकं याला मिश्र प्रकार म्हणतात आणि शेवटच्या धड्यात टाकतात. आत्ता-तेव्हाची सवय असलेल्या मुलाला यात नवीन काहीच नाही. दोन अर्ध्यांत दोन वेगळे शब्द घातले की झालं. माझ्या मते चार प्रकारांची कप्पेबंद मांडणी मुलांना सर्वांत महागात पडते ती इथे, कारण पाचवा कप्पा दिसला की ती हात टेकतात.

कानाचं काम वेगळं करावं लागतं. ऐकण्यात 'वुड' आणि 'हॅड' दोघेही आखडून नुसता 'ड' उरतो: 'आयड'. ओळख पुढच्या शब्दावरून. 'आयड नोन', पुढे तिसरं रूप, म्हणून हॅड. 'आयड नो', पुढे साधं रूप, म्हणून वुड. 'आयड हॅव नोन' पटकन म्हटलं की 'आयडव नोन' होतं, आणि तो 'व' ऐकून बरीच माणसं 'हॅव'च्या जागी 'ऑफ' लिहितात. इंग्रज मुलंही यात मागे नाहीत. रोज पाच वाक्यं तुम्ही वाचा, मुलीने फक्त 'हॅड' की 'वुड' सांगायचं. दोन मिनिटांचं काम.

वेळेचं गणित असं ठेवा. पहिला आठवडा म्हणी आणि निळी साखळी. दुसऱ्यात केशरी, पण साखळीतला 'इफ विल' थांबला असेल तरच. तिसरा आठवडा तिसरी रूपं आणि लाल, चौथ्यात रेल्वेचा पट चारही रंग मिसळून. पट पहिल्याच दिवशी काढायचा मोह होईल, कारण तो दिसायला मजेशीर आहे. तेव्हा चारही रंग एकदम येतात आणि मूल अंदाजपंचे बोलतं. वीस मिनिटं झाली की रंगात आलेला डावही तिथेच थांबवा. दुरुस्ती वाक्य पुरं झाल्यावर, आणि एका संध्याकाळी एकाच प्रकारच्या चुकीची. चुकलेलं कार्ड उलटं करून गठ्ठ्याच्या तळाशी घाला. तीन दिवस उलटं न झालेलं कार्ड बाद करून त्या जागी नवं लिहा. मुद्दाम चुकीचं वाक्य बोलून मुलीला तुम्हाला पकडू द्या, दिवसातून दोनदा तरी. मोठ्यांना टाळी वाजवून थांबवायला मिळालं की मुलं कान टवकारून बसतात.

आता तुमच्या मेलबद्दल. तिथे तीन जागा सांभाळल्या तर बरंच काम होतं. पहिली 'इन केस'. 'पाऊस आला तर असू दे म्हणून छत्री घे' यातलं 'असू दे' म्हणजे 'इन केस': 'टेक ॲन अम्ब्रेला इन केस इट रेन्स', म्हणजे आत्ताच घे. 'इफ इट रेन्स' म्हटलं तर आल्यावर घे. 'कीप अ कॉपी इन केस द क्लायंट आस्क्स' यात 'इन केस'च्या जागी 'इफ' लिहिलंत तर समोरचा कॉपी आधी ठेवणारच नाही.

दुसरी, मेलच्या शेवटी 'इफ यू विल नीड एनी हेल्प' लिहिलं जातं. 'इफ यू नीड' पुरे, किंवा जरा औपचारिक 'शुड यू नीड'.

तिसरी जागा नाजूक आहे. विनंती मऊ करायला इंग्रजी एक पाऊल मागे जातं: 'इट वुड हेल्प इफ यू कुड सेंड द फाइल बाय फोर.' इथला 'कुड' भूतकाळाचा नाही, अदबीचा आहे. पण मराठीतलं 'चारपर्यंत पाठवली असती तर बरं झालं असतं' मनात ठेवून 'इट वुड हॅव बीन बेटर इफ यू हॅड सेंट इट बाय फोर' लिहिलंत, तर वाचणाऱ्याला तो टोमणा वाटतो, कारण इंग्रजीत ते 'तेव्हा'चं वाक्य आहे, वेळ टळून गेल्याची तक्रार. मेल पाठवण्याआधी तिथेही 'आत्ता' की 'तेव्हा' घालून बघा. फाइल अजून यायची असेल, तर 'हॅव' आणि 'हॅड' दोन्ही काढा.